चंद्रोदयाआधीचा मोदक

१

उंदीर जागेवर नव्हता.

उंब्रजच्या शिवेवरच्या गणपतीपुढं एक बुटका दगडी चौथरा आहे. त्यावर चांदीचा उंदीर बसलेला असे, पुढचे पाय उचलून, कान टवकारून. देवाला सांगायचं ते आधी त्याच्या कानात सांगायचं, अशी तिथली रीत. कुणाचं लग्न जमत नव्हतं, कुणाची म्हैस आटली होती, सगळं त्या कानात जाई. फाल्गुनातल्या संकष्टीला आरती झाली, प्रसाद वाटून झाला, देवदत्त गुरव दार लावायला आले. त्यांनी फुलांचा ढीग बाजूला केला, तर खाली नुसता दगड.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीत, विश्रामबागेतल्या घरात, मयूरी देवघराच्या दारात उभी होती. एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. आत विनोदिनीमावशींचं अथर्वशीर्ष चाललं होतं आणि ते मध्येच तोडायची घरात कुणाची छाती नव्हती. मयूरीच्या हातातला फोन थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता.

"मावशी, झालं का?"

मावशींनी नुसता हात वर केला. फलश्रुती पुरी झाली, कपाळ जमिनीला टेकलं, मग त्या वळल्या.

"बोल आता."

"उंब्रजच्या देवळातला उंदीर गेला. आणि त्यांनी माझा कॅमेरा साक्षीला काढलाय."

कॅमेरा मयूरीनंच बसवला होता, कॉलेजच्या प्रकल्पासाठी. पत्त्याच्या कॅटाएवढा एक छोटा कॉम्प्युटर, त्याला डोळा जोडलेला. दारातून कुणी आत-बाहेर गेलं की फोटो काढायचा आणि कोपऱ्यात वेळ छापायची. गाभाऱ्याचा फोटो काढायला ट्रस्टची परवानगी नव्हती, म्हणून डोळा फक्त दाराकडं.

मयूरीनं फोन पुढं केला. फोटोत दारातल्या खांबाला एक हात टेकून, एका पायावर तोल सावरत बूट चढवणारा तरणा मुलगा. खांद्याला फुगलेली पिशवी, तोंडात अर्धा मोदक. कोपऱ्यात वेळ, आठ वाजून वीस मिनिटं.

"हा शिवतेज. लष्करात आहे, सुटीवर आलाय. देवळात मोदक करणाऱ्या लीलाबाईंचा मुलगा. त्यानं हात टेकलाय ना, त्याच खांबाला माझ्या यंत्राची पिन आहे. या फोटोनंतर थेट नऊ चाळीसपर्यंत एकही फोटो नाही. सगळे म्हणतात, यानं पिन काढली आणि उंदीर उचलला. उद्या सकाळी त्याला साताऱ्याहून गाडी पकडून पलटणीत हजर व्हायचंय. आणि ट्रस्टचे गंगाधरबापू आज दिवेलागणीला पोलिसात तक्रार देणार आहेत."

फोन पुन्हा वाजला. गावाच्या ग्रुपवर बापूंचा आवाज आला होता, जाडाभरडा, दुखावलेला. "चंद्र उगवायच्या आधी देवाच्या दारात मोदक खाणारा माणूस. त्यो काय करणार न्हाई, सांगा!"

विनोदिनीमावशींनी तीस वर्षं सांगलीच्या कोर्टात साक्षीदारांचे जबाब टिपून घेतले होते. कुणाला लागेल असा शब्द बोलायचा नाही, हे त्यांचं रोजचं व्रत होतं. त्यामुळं त्या बोलत कमी आणि ऐकत जास्त. फोटो त्यांनी डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"मयूरी," त्या हळूच म्हणाल्या, "हा मोदक त्याला दिला कुणी? गाडी काढ."

२

कऱ्हाड ओलांडेपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांनी दोनदा रस्ता अडवला. मयूरी हॉर्नवरून हात काढत नव्हती. मावशींच्या हातात जपमाळ होती, पण बोटं एकाच मण्यावर अडली होती.

देवळाच्या कट्ट्यावर गंगाधरबापू वाटच बघत होते. शेजारी ट्रस्टचे लालासाहेब, साठीच्या आतबाहेरचे, खांद्यावर उपरणं, चेहरा शांत.

"आवं ताई, तुमी कशाला तरास घेतला? मशिननं सांगितलंय की सगळं," बापू म्हणाले.

"मशीन आमच्या मयूरीचं आहे. म्हणून विचारायला आले, त्यानं नीट सांगितलं ना."

"एक नंबर! पोरीनं काम झ्याक केलंय." बापूंनी खांबाजवळची पिन दाखवली. "ह्ये बघा. आरतीला लाइट हुती, लख्ख. मी सोता आरती म्हणलो. मग आरतीच्या वक्ताचा एकबी फोटो का न्हाई? कुणीतरी पिन काढली म्हणूनच की!"

मयूरी काही बोलणार होती. मावशींनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"आठ वीसच्या आधीचे सगळे फोटो पाहिले तुम्ही?"

"पाह्यले की. लोक आत येत्यात, आत येत्यात, येतच ऱ्हात्यात. भायेर पडलेली मान्सं दोनच. येक ह्ये लालासाहेब, आन दुसरा त्यो शिवतेज."

मावशींनी लालासाहेबांकडं पाहिलं. त्यांनी स्वतःहून हात जोडले.

"व्हय, मी गेल्तो. सात पस्तीसला आत शिरलो, सात पन्नासला भायेर. पंधरा मिंटं. फोटूत हायच त्ये."

"त्यानंतर परत आला नाहीत?"

"न्हाई. कानात काय सांगायचं ते सांगितलं आन निघालो. घरी चंद्र बघून जेवलो."

"तेव्हा उंदीर जागेवर होता?"

"नसता तर बोललो कुणाच्या कानात, ताई?" ते हसले. बापूही हसले.

"संकष्टी कधीपासून करता?"

"लहानपणापास्नं. आबांनी लावून दिली." लालासाहेबांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"ह्येंचे आबा, तात्याबा, त्यांनीच तर दिल्ता त्यो उंदीर," बापू म्हणाले. "पोटाखाली नाव हाय कोरलेलं. आता पाडव्याला नवा बसवतोय आमी, मोठा. जुना वितळवून त्यातच घालायचं ठरलं हुतं. त्येच्या आधीच गेला!"

"तुम्हाला चालणार होतं ते?" मावशींनी लालासाहेबांना विचारलं.

"मिटिंगमधी ठरलं. ठरलं ते ठरलं," लालासाहेब म्हणाले आणि चहा सांगायला उठले.

बापूंनी मान हलवली. "मोठ्या मनाचा मानूस. आन त्यो बघा, लष्करातला! अजून विचारायचं हाय कुणाला?"

"देवदत्तांना एकच विचारते." गुरव समया घासत बसले होते. मावशी त्यांच्यापुढं उकिडव्या बसल्या. "तुमच्याकडं मोदक कधी वाटतात हो?"

देवदत्तांना प्रश्नच चमत्कारिक वाटला. "कधी म्हणजे? चंद्राला अर्घ्य दिल्यावर. त्याच्याआधी ताटावरचं फडकंसुद्धा हलत नाही. ताटं उंदराच्या चौथऱ्याला लागून मांडलेली असतात, फुलं पडलेली असतात. म्हणून तर आधी कळलं नाही."

"आणि काल रात्री शिवतेजनं आधी उचलला असेल तर?"

"माझ्या देखत?" देवदत्तांचा हात थांबला. "पहिला मोदक मीच त्याच्या हातावर ठेवला. अर्घ्य दिलं, आणि पहिला त्याला. आईची भांडी पोचवायची घाई होती म्हणून."

मावशींनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं पाहिलं. सातारा, चंद्रोदय, नऊ वाजून वीस.

मग आठ वीसला त्याच्या तोंडात मोदक कुठून आला?

३

लीलाबाईंच्या अंगणात शिवतेज येरझाऱ्या घालत होता. तुळशीपासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून तुळशीपर्यंत. उंबऱ्यावर त्याची हिरवी बॅग भरून ठेवलेली.

"बस की रं जरा," लीलाबाई म्हणाल्या. "सकाळपास्नं पाक माती झिजवलीस."

"बसू कसा? आख्ख्या गावाच्या फोनवर माझं थोबाड फिरतंय! पलटणीत कळलं तर?" तो मावशींकडं वळला. "मॅडम, मी पिन काढली न्हाई. मला म्हाईतबी न्हाई तिथं पिन हाय. बूट घालायला खांब धरला."

"किती वाजले होते?"

"घड्याळ न्हाई बघितलं. आई म्हणली भांडी टेंपोत टाक, मी भांडी घिऊन पळालो. पिशवीत पातेलं हुतं, उंदीर न्हवं."

"आवं बाई," लीलाबाईंचा आवाज चढला, "बापू म्हणत्यात ह्येनं उपास मोडला! सुटीवर आलाय तरी माझ्यासंगट दिवसभर पाण्याचा घोट घेतला न्हाई पोरानं. मी त्या अंधारात मोदक वळत बसलेली, समईच्या उजेडात, कळ्या दिसंनात. ह्यो मोबाइलची बत्ती धरून उभा. तवा एक खाल्ला असता तर कुणाला दिसला असता? तवा न्हाई खाल्ला!"

मावशींची मान झटकन वर झाली.

"अंधारात? लाइट गेली होती?"

"व्हय की. उसाच्या ट्रॉलीनं तारंला ओढ दिली, चौकात. पावणेआठला गेली ती नऊलाच आली. आरती हुईस्तवर येती का न्हाई म्हणून गुरवाच्या जिवात जीव न्हवता."

"हे मला बापूंनी नाही सांगितलं."

"त्यात काय सांगायचं?" लीलाबाईंना नवल वाटलं. "लाइट तर रोजच जाती."

मावशी मयूरीकडं वळल्या. मयूरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मयूरी, तुझ्या फोटोंमध्ये पावणेआठ ते नऊ अंधार कुठं आहे गं?"

४

दोघी गाडीत बसल्या. मयूरीनं मांडीवर लॅपटॉप उघडला. फोटो एकामागून एक सरकत गेले. सात पस्तीस, लालासाहेब आत. सात पन्नास, लालासाहेब बाहेर, डोक्यावर ट्यूबलाइट जळतेय. आठ, आठ दहा, लोक आत येताहेत, ट्यूबलाइट जळतेय.

"अंधाराचा एकही नाही," मयूरी पुटपुटली. "बापूंना वाटलं असेल, यंत्राला मोबाइलसारखी बॅटरी असेल."

"आहे का?"

"नाही. लाइट गेली की ते बंद."

"मग घड्याळ?"

 मयूरी घाईघाईनं बोलायला लागली, जसं काही कुणी तिला पकडायला येतंय. "मावशी, मोठ्या कॉम्प्युटरात बटणाएवढा सेल असतो. कॉम्प्युटर बंद असला तरी त्या सेलावर आतलं घड्याळ टिकटिक करत राहतं. या छोट्यात ते घड्याळच नसतं. स्वस्तात बनवतात ना. ते चालू झालं की इंटरनेटवरून वेळ विचारून घेतं. अगदी बिनचूक. वेगळं घड्याळ बसवता येतं, पण मी म्हटलं, देवळात नेट आहे की, कशाला?"

"आणि नेट नसेल तर?"

"तर... बंद पडायच्या आधी शेवटची जी वेळ त्यानं टिपून ठेवलेली असते, तिथूनच पुढं मोजायला लागतं. मधला वेळ गेलाय हे त्याला कळतच नाही."

"म्हणजे झोपलेला माणूस," मावशी म्हणाल्या. "पावणेआठला डोळा लागला. नऊला जाग आली, आणि त्याला वाटतंय अजून पावणेआठच."

मयूरीनं देवदत्तांना फोन लावला. नेट कधी आलं? ट्रॉलीनं तारेबरोबर केबलही ओढली होती. केबलवाला आरतीच्या वेळी शिडीवर चढलेला होता. प्रसाद वाटायला सुरुवात झाली तेव्हा नेट आलं, असं त्यांनी सांगितलं.

"आणि नेट आलं की घड्याळानं एकदम उडी मारली," मयूरी म्हणाली. "आठ पंचवीसवरून थेट नऊ चाळीस. सव्वा तासाची उडी. लाइटपण सव्वा तासच गेली होती! पिन कुणी काढलीच नाही. सगळ्यांना फोटोंमधलं भोक शेवटी दिसतंय, पण ते खरं तर आधी होतं." तिनं डोळे पुसले. "शिवतेजचा फोटो नऊ पस्तीसचा आहे. चंद्र उगवल्यानंतरचा. माझ्या निष्काळजीपणापायी त्याचं..."

"ते नंतर. आता बाकीच्यांना सव्वा तास देऊन बघ."

मयूरीनं बोटांवर हिशोब केला. आत येणारे सगळे आरतीला आलेले. शिवतेज अर्घ्यानंतर बाहेर पडलेला. आणि सात पन्नासला...

तिचं बोट पडद्यावर तसंच राहिलं.

दिवेलागणीला फार वेळ उरला नव्हता. मावशींनी जपमाळ पिशवीत टाकली.

"चल. आणि लक्षात ठेव, कुणाला चोर म्हणायचं नाही. ज्यानं त्यानं स्वतः म्हणायचं."

५

सभामंडपात बापू तक्रारीला जायच्या तयारीनं, टोपी घालून उभे होते. देवदत्त वाती लावत होते. लीलाबाई आणि शिवतेजला मावशींनीच बोलावून आणलं होतं. लालासाहेब खांबाला टेकून बसले होते.

मावशींनी सगळं सांगितलं. ट्रॉली, तार, झोपी गेलेलं यंत्र. मयूरीनं पुढं होऊन हात जोडले. "चूक माझी आहे, बापू. यंत्रानं वेळ चुकीची छापली, आणि ती मी खरी मानली."

बापूंनी टोपी काढली. "म्हंजी शिवतेजनं... चंद्र उगवल्यावर?"

"तुम्ही मोदकावरून त्याची भक्ती तपासलीत," मावशी म्हणाल्या, अगदी हळू. "मोदकावरून घड्याळ तपासायचं होतं. या देवळात चंद्राआधी मोदक मिळत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

बापू खाली बसले. लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. शिवतेज मात्र जागचा हलला नाही. "मग नेला कुणी?"

मावशींनी मयूरीच्या लॅपटॉपवर एक फोटो उघडला आणि लालासाहेबांपुढं धरला.

"लालासाहेब, हा तुमचा. देवळातून निघतानाचा. डोक्यावर दिवा आहे. तुम्ही निघालात तेव्हा लाइट होती?"

"व्हय. मी घरी गेल्यावर गेली."

"पावणेआठला गेली ना, लीलाबाई?"

"पावणेआठला."

"आणि फोटोवरची वेळ सात पन्नास. पावणेआठनंतरची. तेव्हा गावात दिवा नव्हता. हा दिवा नऊनंतरचा आहे. म्हणजे तुम्ही पंधरा मिनिटं नाही, सगळा अंधार आत होतात. चूक यंत्राची होती. पण यंत्राला काय ठाऊक? तुम्हाला तर ठाऊक होतं, किती वेळ बसलात ते."

 लालासाहेबांनी उपरण्याचं टोक बोटाला गच्च गुंडाळलं होतं, बोट पांढरं पडलं होतं.

"मला एकच कळत नाही," मावशी म्हणाल्या. "लहानपणापासून संकष्टी करणारा माणूस. दिवसभराचा उपास. अंधारात इतका वेळ बसला. लाइट आली, चंद्राला थोडका वेळ राहिला, सगळं गाव आत येतंय. आणि तोच तेवढा बाहेर का पडतो?"

देवदत्तांच्या हातातली काडी विझली. त्यांनी दुसरी ओढली नाही.

"काखंत हुता," लालासाहेब म्हणाले. आवाज इतका लहान होता की बापू पुढं वाकले. "उपरण्यात. कानात बोलायलाच आल्तो, आईशप्पत. लाइट गेली. मी हात लावून बसलो. पोटाखालचं आबांचं नाव बोटानं चाचपत. म्हणलं, पाडव्याला ह्ये वितळणार. मिटिंगमधी तोंडातनं 'न्हाई' निघालं न्हाई. कुणी इचारलंच न्हाई मला, बापू. तुमी म्हणला ठरलं, मी म्हणलो ठरलं."

"आरं, मग बोलायचंस की गड्या!" बापू कळवळले. "आमी काय परके हाय?"

"उंदीर नेला ते एक," शिवतेज म्हणाला. तो लालासाहेबांच्या अगदी समोर येऊन उभा राहिला होता. "तुमच्या बापाचा हुता. पण सकाळपास्नं माझं थोबाड फिरतंय, ते बघत बसला तुमी?"

लालासाहेबांनी वर पाहिलं नाही. "मशीन म्हणलं, पंधरा मिंटं. मी व्हय म्हणलो. एकदा व्हय म्हणलं, आन मग..."

 बाहेर रस्त्यावरून ट्रॉली गेली, तिचा खडखडाट लांबपर्यंत ऐकू येत राहिला.

"बापू, तक्रारीचं तुम्ही बघा," मावशी म्हणाल्या. "पण शिवतेज उद्या सकाळी जाणार. त्याच्याआधी गावानं ऐकायला हवं. ज्या ग्रुपवर फोटो गेला, तिथंच."

लालासाहेबांनी खिशातून फोन काढला. अंगठा तीनदा चुकला. शेवटी शिवतेजनंच बटण दाबून धरलं. लालासाहेब बोलले. उंदीर मी नेला. शिवतेजचा काही संबंध न्हाई. सकाळीच बोलायला पायजे हुतं. एवढंच. मग बापूंनी फोन स्वतःकडं ओढला आणि त्यावर आपलंही बोलले, शिवतेजची माफी मागत. 

उंदीर लालासाहेबांच्या देव्हाऱ्यात होता, तात्याबांच्या फोटोपुढं. शिवतेज त्यांच्याबरोबर गेला आणि घेऊन आला, दोन्ही हातांत, छातीशी धरून. चौथऱ्यावर त्यानंच ठेवला. बापू वाकून पोटाखालचं नाव बघत राहिले. "मिटिंग परत घेऊ," ते एवढंच म्हणाले.

मयूरी खांबाजवळ बसून यंत्राची पेटी उघडत होती. कऱ्हाडात बटणाएवढा सेल आणि घड्याळाचा तुकडा कुठं मिळेल, हे तिनं केव्हाच विचारून ठेवलं होतं.

समया लागल्या. आरती झाली. लालासाहेब दाराशीच उभे होते, आत येत नव्हते, जातही नव्हते.

"काल जेवला न्हाईसा न्हवं?" लीलाबाईंनी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "चंद्राकडं बघायचं धाडस झालं न्हाई."

 लीलाबाईंनी कमरेचा पदर सोडून पुन्हा खोचला आणि त्या देवळाच्या चुलीकडं वळल्या.

"आजबी उगवंल. जरा उशिरानं. तवर ऱ्हावा हितंच, मी भात टाकते."